भिवा नावाडी आणि परदेशी मदतीचा पूल

गोदावरीच्या काठी धामणी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा नावाडी होता. नाव भिवा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा शाळेचे मास्तर त्याला म्हणाले, "भिवा, माझी वाट बघ, आलोच." भिवा वाटेकडे बघत उभा राहिला. मास्तर आले ते मागच्या गल्लीने. पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल."

भिवा मान न वळवता म्हणाला, "थांबा मास्तर. मी तुमची वाट बघतोय. तुमच्याकडे बघायला सांगितलेलं नाही."

तर असा भिवा.

गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. गंगेच्या एका काठाला धामणी, दुसऱ्या काठाला बेलखेड. दवाखाना बेलखेडला, बाजार बेलखेडला, हायस्कूल बेलखेडला. धामणीला होती फक्त भिवाची नाव. गंगेला पूर आला की नाव बंद. मग बाळंतपणाची बाई असो की साप चावलेला गडी असो, काठावर बसून पाणी उतरायची वाट बघायची. काहींसाठी पाणी वेळेवर उतरायचं. काहींसाठी नाही.

पूल मागता मागता गावाच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. शेवटी सातासमुद्रापलीकडच्या एका थंड देशाने पुलासाठी मदत करायचं कबूल केलं.

"त्यांना आपला एवढा पुळका कशाचा?" भिवाने बायकोला विचारलं.

बायकोचं नाव ठकू. नवऱ्याच्या वाट्याची अक्कलही देवाने तिच्याच पदरात टाकली होती. ती म्हणाली, "त्यांच्याकडच्या नद्या थंडीत गोठतात म्हणे. माणसं वरून चालत जातात. पूल बांधायची हौस राहून गेली असेल."

भिवाला पटलं.

पण ठकूला वेगळीच काळजी होती. पूल झाला की नावेत कोण बसणार? तिने पुलावरच्या मजुरांसाठी खानावळ सुरू केली. पिठलं-भाकरी आणि ठेचा. पुलाचा मुकादम जालिंदर पहिल्याच दिवशी सहा भाकरी जेवला. सातवी वाढताना ठकू म्हणाली, "मुकादम, आमच्या धन्याला कामावर घ्या. सांगितलेलं काम सोडत नाहीत. सांगाल तेच करतात."

"असाच माणूस पाहिजे मला!" मुकादम म्हणाला. "उद्घाटनापर्यंत टिकला, तर पुलाचा पहारेकरी म्हणून कायम करून घेतो."

बिचाऱ्याला काय माहीत.

पहिल्या दिवशी मुकादमाने भिवाला सिमेंटच्या थप्पीसमोर उभं केलं. "ह्या पोत्यांवर नजर ठेव. मी येईपर्यंत नजर हलवायची नाही."

"बरं."

मुकादम तालुक्याला गेला. दुपारी आभाळ भरून आलं आणि वळवाचा पाऊस कोसळला. भिवाने नजर हलवली नाही. संध्याकाळी मुकादम धावत आला. पोत्यांचे धोंडे झाले होते.

"भिव्या! हे काय झालं?"

"सांगतो ना. सगळं बघितलंय. आधी वरच्या रांगेतलं डावीकडचं पोतं भिजलं. मग त्याच्या शेजारचं. खालची रांग जरा उशिरा भिजली. पण एकाही माणसाने हात लावला नाही. पावसानेच काय लावला तो."

मुकादमाने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, पाणी आलं की झाकायचं! ताडपत्री टाकायची! थेंबसुद्धा पडू द्यायचा नाही. गाठ मारून ठेव!"

भिवाने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याला एक गाठ मारली.

मुकादम त्याला तिथेच काढून टाकणार होता. पण तेवढ्यात खानावळीतून पिठल्याला दिलेल्या फोडणीचा वास आला. मुकादमाने विचार केला, नावाड्याला काढलं तर पिठलं बंद होईल. भिवा राहिला.

घरी ठकूने विचारलं, "काय शिकलात आज?"

"पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही."

"मग तेवढं ध्यानात ठेवा."

भिवाने ठेवलं.

पुढे खांब उभे राहिले. धामणीच्या बाजूला पहिला स्लॅब ओतला. मुकादमाला पुतण्याच्या लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला, "भिव्या, नवा स्लॅब आहे. जिवापाड जप."

"जपतो."

सकाळी मजूर बायका पाण्याचा पाइप ओढत आल्या. बघतात तर स्लॅबवर ताडपत्री, आणि तिच्यापुढे दोन्ही हात पसरून भिवा.

"सरका दादा, पाणी मारायचंय."

"थेंब पडू देणार नाही!"

"अवो, नव्या कामाला पाणी लागतं."

"मला शिकवू नका. माझ्याकडे गाठ आहे."

बायका हसत हसत परत गेल्या. चार दिवस ऊन तापत होतं. पाचव्या दिवशी मुकादम लग्नाचे लाडू घेऊन आला आणि त्याने ताडपत्री उचलली. स्लॅबला भेगा पडल्या होत्या. अनवाणी माणसाच्या टाचेला पडतात तशा.

मुकादमाच्या हातातले लाडू स्लॅबवर पडले. एक भेगेत गेला.

"अरे, नवं काँक्रीट तहानलेलं असतं रे! जे नवं असेल त्याला पाणी मारायचं! सकाळ, दुपार, संध्याकाळ! एकवीस दिवस! नाहीतर भेगा पडतात. गाठ मार!"

भिवाने दुसरी गाठ मारली. स्लॅब फोडून पुन्हा ओतला.

घरी ठकूने विचारलं, "आज काय?"

"जे नवं असेल त्याला पाणी मारायचं. दिवसातून तीनदा."

"हे तरी धरून ठेवा."

भिवाने घट्ट धरलं.

त्यानंतर आठवड्याभरात मुकादमाने सगळ्यांना जमवून सांगितलं, "मदत देणाऱ्या देशातून आपल्याकडे नवा साहेब येतोय. भिव्या, तू त्याच्याजवळ राहा. काही कमी पडू देऊ नकोस."

भिवाने विचारलं, "साहेब नवा आहे?"

"नवा कोरा."

साहेब जीपमधून उतरला. ताडमाड उंच, भुरे केस, आणि वैशाखाच्या उन्हाने तोंड लाल मिरचीसारखं झालेलं. नाव ओलाफ. धामणीने पहिल्याच दिवशी त्याचं उल्हास करून टाकलं. तो पुस्तकातून मराठी शिकून आला होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. मी पूल बांधण्यासाठी आलो आहे."

भिवाने बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर ओतली.

साहेब थोडा वेळ ठिबकत उभा राहिला. मग त्याने शांतपणे विचारलं, "आपण हे का केले?"

"तुम्ही नवे आहात."

"अच्छा. हे किती वेळा करतात?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"किती दिवस?"

"एकवीस."

"न केल्यास काय होते?"

"भेगा पडतात."

साहेबाने आपले हात बघितले. विमानातून उतरल्यापासूनच्या तीन दिवसांच्या उन्हाने कातडं खरोखरच तडकलं होतं. तो म्हणाला, "हे खरे आहे."

दुपारी साहेब स्वतःच पंचा घेऊन आला आणि भिवासमोर बसला. संध्याकाळीही आला. अंगाची लाही थांबली, झोप चांगली लागली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भिवाचं बोलणं अक्षर न अक्षर ऐकत होतं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी साहेबाशी त्याच्या पुस्तकातल्यासारखं बोलत होतं, जे म्हणायचं तेवढंच. दोघांचं फार जमलं.

चौथ्या दिवशी मुकादमाने ते बघितलं. बादली हवेत होती.

"भिव्या!! अरे परदेशचा पाहुणा तो! त्याला अंघोळ कसली घालतोस?"

साहेब मध्ये पडला. "कृपया थांबवू नका. माझे अजून अठरा दिवस बाकी आहेत."

मुकादमाने भिवाला बाजूला ओढलं. दात-ओठ खात म्हणाला, "नीट ऐक. बाहेरून कोणी आलं की गळ्यात हार घालायचा. हातात नारळ द्यायचा. काय हवं-नको ते विचारायचं, आणि मागेल ते द्यायचं. पाहुणा म्हणजे देव! मार गाठ!"

तिसरी गाठ.

भिवाने झेंडूचे हार करून ठेवले. नारळ आणून ठेवले. बाहेरून कोणी येईना. भिवा रोज हारांवर पाणी शिंपडायचा आणि रस्त्याकडे बघायचा.

एक दिवस भर दुपारी सगळे खानावळीत जेवत असताना एक टेम्पो आला. त्यातून दोन माणसं उतरली. तोंडाला रुमाल बांधलेले. इकडे तिकडे बघत ती लोखंडी गजांच्या ढिगाकडे निघाली.

"पाव्हणं!" भिवा ओरडला.

दोघं जागच्या जागी थिजले. भिवा धावत गेला आणि दोघांच्या गळ्यात हार घातले. नारळ दिले. हात जोडून म्हणाला, "काय हवं-नको?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण चाचरत म्हणाला, "गज हवे होते."

"किती?"

"मावतील तेवढे."

"मग असे आडवे लावा. उभे लावले तर कमी मावतील." भिवाने स्वतः हात लावला. टेम्पो भरला. एका चोराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला इतकी वर्षं धंद्यात कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. त्याने नारळ फोडून अर्धा भिवाला दिला.

"पुन्हा या," भिवा म्हणाला.

सांगितलं म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या वेळी सोबत मेव्हण्यालाही आणलं. भिवाने मेव्हण्यालाही हार घातला. तेवढ्यात मुकादम भाकरी अर्धी टाकून बाहेर आला आणि त्याने आरडाओरडा केला. टेम्पो सुसाट पळाला. पुढच्या नाक्यावर शिपायाने तो बघितला. तिघांच्या गळ्यात हार, हातात नारळ. त्याला वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे. त्याने वाट करून दिली.

मुकादमाने एक काठी आणून भिवाच्या हातात दिली.

"भिव्या, आजपासून काठी आडवी धरायची. पास विचारायचा. ज्याच्याकडे पास नाही त्याचा पाय पुलाला लागू द्यायचा नाही. मग तो कोणी का असेना! इंद्र आला तरी नाही!"

चौथी गाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम कामावर आला. भिवाने काठी आडवी धरली. मुकादमाचा पास घरी राहिला होता. मुकादम घरी जाऊन पास घेऊन आला.

असा तीन वर्षांनी पूल पुरा झाला. बावीस खांबांचा. संध्याकाळच्या उन्हात बघितला तर गंगेने कमरपट्टा घातल्यासारखा दिसायचा. म्हाताऱ्या बायका काठावर येऊन नुसत्याच बघत बसायच्या. मास्तर भिवाला म्हणाले, "भिवा, आता तुझी नाव जाणार. वाईट वाटत नाही?"

"कुठे जाणार मास्तर? घाटाला बांधलीय ना."

उद्घाटनाचा दिवस उजाडला. परदेशच्या राजदूत बाई येणार होत्या. राज्याचे एक मंत्री येणार होते. बेत असा होता की धामणीच्या तोंडाशी फीत कापायची, सगळ्यांनी पुलावरून चालत बेलखेडला जायचं, तिथे सुवासिनी ओवाळतील, मग परत येऊन धामणीच्या मांडवात जेवण. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी. दोन गावांचं जेवण होतं.

मुकादमाच्या मागे आचाऱ्यांची घाई. त्याने भिवाला एवढंच सांगितलं, "पाहुणे आले की त्यांना मानाने पलीकडे पोचवायचं. ही जबाबदारी तुझी."

ठकूने त्याला धुतलेला सदरा घातला. म्हणाली, "आजचा दिवस धड गेला की तुम्ही कायम. जपून हं."

"किती जपू?"

"लई."

गाड्या आल्या. मंत्री उतरले. राजदूत बाई उतरल्या, पांढरे केस, हसरं तोंड. सोबत उल्हाससाहेब. ताटात कात्री होती. मंत्र्यांनी कात्रीला हात घातला, तोच समोर काठी आडवी आली.

"पास."

मंत्री हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. "अरे बाबा, मी मंत्री आहे."

"असाल. पास?"

"हा पूल मीच मंजूर केलाय!"

"आभारी आहे. पास?"

मंत्र्यांचा स्वीय सहायक पुढे आला. त्याचाही पास नव्हता. बँडवाले वाजवायचे थांबले. मुहूर्ताची वेळ जवळ आली होती. मुकादम मांडवात बुंदीचा पाक बघत होता, त्याला काही ठाऊकच नाही.

राजदूत बाईंनी काय चाललंय ते विचारलं. उल्हाससाहेबाने सांगितलं. बाईंना ते रास्तच वाटलं. त्यांनी पर्स उघडली आणि आपला पासपोर्ट भिवाच्या हातात दिला.

"हे काय?" भिवाने विचारलं.

"पासपोर्ट," साहेब म्हणाला.

भिवाने तो उलटसुलट करून बघितला. "यात पास आहे ते खरं. पण पुढे पोर्ट पण आहे. ते काय असतं?"

साहेबाने थोडा विचार केला. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "पोर्ट म्हणजे बंदर. जिथे नाव लागते ते ठिकाण."

भिवाचा चेहरा उजळला. "मग हा नावेचा पास आहे! आधी सांगायचं ना. चला, नाव तयार आहे."

बाईंना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. त्या आनंदाने घाट उतरून नावेत जाऊन बसल्या. परदेशी पाहुणी नावेत बसल्यावर मंत्री काठावर कसे राहणार? ते बसले. साहेब बसला. कात्रीचं ताट धरलेली मुलगी काठावर तशीच उभी राहिली.

भिवाने वल्हं मारलं. मानाने पोचवायचं म्हणून तो सावकाश चालला. वरून नवा कोरा पूल गेलेला, आणि खालून उद्घाटन चाललेलं. काठावरच्या दोन हजार माणसांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. बँडवाल्यांना काय करावं कळेना. त्यांनी गणपतीची आरती वाजवली.

मधोमध आल्यावर नाव पुलाखाली शिरली. गार वाटलं. वारा छान होता. राजदूत बाईंनी साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेब म्हणाला, "भिवा, बाई विचारतात, तुमची नाव इतकी सुंदर आहे. मग तुम्हाला पूल कशासाठी पाहिजे होता?"

भिवाने वर बघितलं. मग बाईंकडे बघितलं.

"सावलीला."

साहेबाने जसंच्या तसं भाषांतर केलं. बाईंनी वर पुलाकडे बघितलं. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की नाव डुचमळली आणि मंत्र्यांनी दोन्ही हातांनी काठ धरला. बाई हसतायत म्हटल्यावर मंत्रीही हसले. तोंडाने हसले.

बेलखेडला उतरून पाहुणे पूल चढले आणि चालत धामणीकडे आले. त्या तोंडाला भिवा नव्हता, म्हणून कुणी अडवलं नाही. मंत्र्यांनी आतल्या बाजूने फीत कापली आणि पुलाच्या बाहेर आले. टाळ्या झाल्या. नाव बांधून भिवा परत आला. बाईंनी सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला.

मुकादम हे ऐकून मांडवातून पळत आला. पण राजदूत बाईंनी ज्याचा हात धरला त्याला शिव्या कशा देणार? त्याने भिवासमोर हात जोडले.

"भिवाजीराव," तो म्हणाला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "पूल आता खुला झाला. आता पास नाही, काठी नाही. कुणाला अडवायचं नाही. उलट सगळ्यांना म्हणा, जा पलीकडे, बघा पूल. लोक बिचारे बुजतायत. अलीकडे एकही माणूस राहता कामा नये."

"एकही?"

"एकही."

भिवाने पाचवी गाठ मारली.

"चला पलीकडे!" त्याने हाळी दिली. लोक वाटच बघत होते. पोरं पळाली, म्हातारे काठ्या टेकत निघाले. बायकांनी लुगडी सावरत पुलाला हळदीकुंकू वाहिलं आणि चालायला लागल्या. पूल भरून गेला.

भिवा मांडवात शिरला. "अलीकडे कुणी राहायचं नाही!" आचारी उठले. वाढपी उठले. बँडवाले उठले. राजदूत बाई, साहेब आणि मंत्री पानावर बसले होते. मंत्र्यांच्या हातात बुंदीचा पहिला घास होता.

"साहेब, पलीकडे."

"आत्ताच तर आलो!"

पण बाई उठल्या होत्या. मंत्र्यांनी घास पानात ठेवला. मुकादमाला भिवाने दंडाला धरून पुलावर आणून सोडलं. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण गर्दीने त्याला पुढे नेलं.

धामणी रिकामी झाली. भिवाने गल्ल्या बघितल्या, देऊळ बघितलं, खानावळ बघितली. कोणी नाही. त्याला समाधान वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, अरे, मी तर अलीकडेच आहे! तोही पूल ओलांडून गेला.

बेलखेडला पोचून बघतो तर काय, सगळीच्या सगळी माणसं त्याच्या शेजारी उभी! आणि त्या तिकडे, गंगेच्या पलीकडे, चिटपाखरू नाही.

"अरे, तुम्ही सगळे अलीकडेच कसे?" भिवा ओरडला. "चला पलीकडे!"

लोकांना भूक लागली होती आणि जेवण धामणीला होतं. ते आनंदाने परत फिरले. बेलखेडचीही माणसं त्यांच्यात मिसळली. गावाच्या लोंढ्यात मंत्री, बाई, बँड, सुवासिनी, ओवाळायची ताटं. सगळे गेले. शेवटी भिवा गेला. धामणीला पोचला. बघतो तर पुन्हा सगळे अलीकडे.

"चला पलीकडे!"

तिसऱ्या फेरीला मंत्र्यांनी सहायकाला विचारलं, "कार्यक्रमपत्रिकेत अजून किती फेऱ्या आहेत?" सहायक म्हणाला, "साहेब, यांच्या देशाची काही पद्धत असेल." बाई उल्हाससाहेबाला म्हणाल्या, यांच्या देशाची काही पद्धत असेल. साहेबाला पद्धती मोडायला आवडायचं नाही. तो चालत राहिला.

चौथ्या फेरीला सगळे धामणीला पोचल्यावर ठकू कमरेवर हात ठेवून पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. "अवो, थांबा. अलीकडे म्हंजी कुठे?"

"मी उभा आहे तिथे."

"आणि पलीकडे?"

"मी नाही तिथे."

ठकूने डोळे मिटले, उघडले. म्हणाली, "मग तुम्ही असं करा. पुलाच्या मधोमध जाऊन उभे राहा."

भिवा मधोमध जाऊन उभा राहिला. इकडे बघितलं. सगळे पलीकडे. तिकडे बघितलं. तो काठही पलीकडेच. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. काम फत्ते झालं. त्याने उपरण्याने घाम पुसला आणि कठड्याला टेकून गंगेकडे बघत राहिला.

लोक जेवायला बसले. बुंदी गार झाली होती, पण भुकेपुढे कोण बघतं? जेवणं उरकल्यावर राजदूत बाई भाषणाला उभ्या राहिल्या. उल्हाससाहेब एकेक वाक्य मराठीत सांगत होता.

"आमच्या देशाने अनेक ठिकाणी पूल बांधले. काही पुलांवर आता गवत उगवले आहे. पण पहिल्याच दिवशी अख्खे गाव चार-चार वेळा ओलांडून गेले, असे आम्ही कुठेही पाहिले नाही. इतक्या गर्दीला एक पूल पुरणार नाही. म्हणून मी आज जाहीर करते, आम्ही याच्या शेजारीच दुसरा पूल बांधून देऊ. एक जायला, एक यायला."

टाळ्यांनी मांडव हलला. मंत्र्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. मुकादम जालिंदर तेवढा मटकन खाली बसला. त्याला दुसऱ्या पुलाचा मुकादम नेमलं होतं, आणि बाईंनी सांगितलं होतं की मधोमध उभा असलेला तो माणूस कायमचा ठेवा.

गंगेच्या खालच्या अंगाला चार गावं आहेत. तिथली माणसं अजून नावेतूनच जातात. अर्ज करून करून तीही थकली. धामणीच्या बाजारकरूंना ती कधीमधी विचारतात, "बाबांनो, आम्हाला एक मिळेना, तुम्हाला दोन-दोन कसे मिळाले? असं केलं तरी काय तुम्ही?"

धामणीची माणसं म्हणतात, "काही नाही केलं बाबा. आमच्याकडे भिवा आहे."